मोटार दुरुस्ती की विमान देखभाल? प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शालेय शिक्षण संपलं आहे, हाताने काम करायची मनापासून आवड आहे, आणि प्रवेश मिळतोय त्या कॉलेजात मोटार दुरुस्ती आणि विमान देखभाल असे दोन्ही विभाग आहेत. कुठला घ्यावा? आधी मोटार शिकून पुढे विमानाकडे वळता येतं का? आणि मुळात कॉलेज कशाला, थेट गॅरेजमध्ये उमेदवारी केली तर काय बिघडलं?

मी दोन्हीकडे काम केलं आहे. आधी मोटारींवर, मग विमानांच्या हँगरमध्ये, आणि आता बरीच वर्षं शिकवतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षाचा पाया दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. पुढे रस्ते वेगळे होतात ते निर्णय कोण घेतो यावरून. मोटारीत बिघाड कुठे आहे, तो कसा शोधायचा, किती उघडायचं, हे बरंचसं मेकॅनिकच्या डोक्यावर असतं. विमानात काय करायचं ते मान्यताप्राप्त मॅन्युअल ठरवतं. मेकॅनिक ते तसंच करतो आणि तसंच केल्याची सही करतो. ती सही कायद्याने त्याच्या नावावर राहते. तुम्हाला कोडं सोडवण्यात रस आहे की काम बिनचूक पार पाडण्यात, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. दोन्ही गुण दोन्हीकडे लागतात, पण प्रमाण वेगळं आहे.

आधी पायाबद्दल, कारण कॉलेज चांगलं की वाईट हे तिथेच कळतं.

पहिली गोष्ट मोजमाप. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज, फीलर गेज ही साधनं वापरता येणं म्हणजे फक्त आकडा वाचता येणं नव्हे. मायक्रोमीटर आधी शून्यावर तपासायचा, शाफ्ट दोन-तीन जागी आणि आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी मोजायचा, कारण झीज गोल होत नाही, लंबगोल होते. सिलिंडरचं बोअर वरच्या भागात जास्त झिजतं. एकाच जागी मोजून "ठीक आहे" म्हणणारा विद्यार्थी पुढे इंजिन बांधेल आणि ते तेल खाईल.

दुसरी गोष्ट टॉर्क. बोल्ट आवळताना आपल्याला हवा असतो तो बोल्टमध्ये निर्माण होणारा ताण. टॉर्क रेंच फक्त फिरवण्याचा जोर दाखवतं. त्या जोराचा मोठा भाग घर्षणातच जातो. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टला दिला, तर रेंच तोच आकडा दाखवेल, पण बोल्टवर ताण बराच जास्त येईल. मुलांना हे ऐकून पटत नाही, करून पाहिल्यावर पटतं. एक्स्टेन्शनचंही तसंच. रेंच ३०० मिलिमीटर लांब आहे आणि पुढे सरळ रेषेत ७५ मिलिमीटरचा क्रोफूट पाना (रेंचच्या टोकाला बसणारा उघड्या तोंडाचा छोटा पाना) लावला आहे. बोल्टला ५० न्यूटन-मीटर हवेत. रेंच ५० वर लावून आवळलं तर बोल्टला ६२.५ मिळतील. रेंच लावायचं ४० वर, कारण ५० गुणिले ३०० भागिले ३७५ म्हणजे ४०. तोच क्रोफूट काटकोनात लावला तर हिशोब करावाच लागत नाही. हे गणित आठवीतल्या मुलाला येईल, पण कामाच्या घाईत ते आठवावं यासाठी हात वळणीला लागावा लागतो. विमान विभागात हे पहिल्या काही महिन्यांत शिकवतात. मोटार विभागात शिकवत असतील तर ते शिक्षक चांगले आहेत असं समजा.

तिसरी गोष्ट द्रव आणि सील. मोटारीच्या नेहमीच्या ग्लायकॉलवर आधारित ब्रेक फ्लुइडसाठी ईपीडीएम रबराचे सील असतात. त्यात चुकून खनिज तेल गेलं की सील फुगतात आणि ब्रेक अडकून बसतात. मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो. मोठ्या प्रवासी विमानांत फॉस्फेट एस्टरचं हायड्रॉलिक तेल वापरतात, स्कायड्रोल या नावाने ते ओळखलं जातं, रंग जांभळा. लहान विमानांत लाल रंगाचं खनिज तेल असतं. एकाचे सील दुसऱ्यात चालत नाहीत. विषय एकच आहे, फक्त गाडी बदलली. ज्याला ब्रेक फ्लुइडची बाटली उघडी ठेवू नये हे एकदा नीट समजलं आहे, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, त्याला विमानातल्या द्रवांची शिस्त नव्याने पटवावी लागत नाही. डॉट ४ फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २३० अंश सेल्सिअस असतो आणि ओलावा शोषल्यानंतरचा १५५. उतारावर सतत ब्रेक दाबणाऱ्या गाडीत हा फरक जिवावर बेतू शकतो.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट वीज. मोटार शिकायची म्हणजे इंजिन उघडायचं, असं अजूनही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात आजच्या गाडीतल्या कटकटीच्या तक्रारींपैकी बऱ्याच वायरिंग, सेन्सर, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी, गॅरेजच्या भाषेत 'अर्थ') आणि कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा संगणक) यांच्याभोवती असतात. त्यामुळे मोटार विभागाबद्दल बोलताना मी इथेच थोडा थांबतो.

वर्गात मी नेहमी लावतो तो एक बिघाड सांगतो. चावी फिरवली की स्टार्टर नुसता टक् करतो, इंजिन फिरत नाही. बॅटरी तपासली तर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मुलं बॅटरी बदलतात, फरक नाही. स्टार्टर बदलायला निघतात. कोणीतरी शहाणा मल्टिमीटर ओहमवर लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंतचा रोध मोजतो. मीटर जवळपास शून्य दाखवतो, म्हणून अर्थ चांगला आहे असा निष्कर्ष निघतो. खरा बिघाड तिथेच लपलेला असतो. अर्थच्या पट्टीच्या लगला, म्हणजे टोकाच्या जोडणीला, गंज चढलेला आहे, तारांचे थोडेच धागे शाबूत आहेत. साधा मीटर अगदी बारीक करंट सोडून रोध मोजतो. त्या करंटला दोन-चार धागेही पुरतात. आणि ओहमचा शंभरातला एक-दोन भाग इतका छोटा रोध त्याला नीट दिसतही नाही. पण स्टार्टर दीडशे अँपिअर मागतो. ०.०२ ओहम गुणिले १५० म्हणजे ३ व्होल्ट वाटेतच गळाले. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर लावायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, दुसरं ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की तो रस्ता खराब. मग पॉझिटिव्ह बाजू तशीच तपासायची. एकही भाग न बदलता पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

हा एक प्रयोग ज्याला आतून समजला तो भार चालू असताना मोजायला शिकला. ही सवय मोटारीत, विमानात, कुठेही कामाला येते.

दुसरं उदाहरण स्कॅनरचं. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना ओबीडी-टू ही ठरावीक निदानपद्धत बंधनकारक झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्यामुळे आज कोणीही स्कॅनर लावून कोड वाचू शकतो. पी०१७१ आला, अर्थ मिश्रणात इंधन कमी पडतंय. दुकानदार म्हणतो ऑक्सिजन सेन्सर बदला. सेन्सरने तर आपलं काम चोख करून तक्रार केली आहे! कोड म्हणजे लक्षण आहे, निदान नाही. पुढचं पाऊल फ्युएल ट्रिम पाहण्याचं, म्हणजे कंट्रोल युनिट इंधन किती टक्के वाढवतं किंवा कमी करतं ते. इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना ट्रिम अधिक २० टक्के आहे आणि २५०० आरपीएमला अधिक ४ वर आली, तर कुठून तरी बाहेरची हवा शिरते आहे. आयडलवर एकूण हवाच कमी असते, म्हणून गळतीचा वाटा मोठा पडतो. आरपीएम वाढले की तो वाटा नगण्य होतो. उलट भार वाढेल तशी ट्रिम वाढत गेली तर इंधन पुरत नाही, म्हणजे पंप, फिल्टर, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलेला. कॉलेजात कोडची यादी पाठ करून घेत असतील तर ती मेहनत वाया आहे. कोड आल्यावर पुढचे तीन प्रश्न कोणते विचारायचे हे शिकवत असतील तर प्रवेश घ्या.

मोटार विभाग निवडणाऱ्यांनी विजेच्या गाड्यांचं प्रशिक्षण आहे का ते नक्की पाहावं. तिथली बॅटरी ४०० किंवा ८०० व्होल्टची असते. हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी सर्व्हिस डिस्कनेक्ट (बॅटरीची वीज तोडणारा प्लग) काढायचा, कपॅसिटर रिकामे व्हायला निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबायचं, १००० व्होल्टचे हातमोजे हवा भरून छिद्र नाही ना ते तपासून घालायचे, आणि वीज गेली आहे हे मोजून पाहायचं. मोजतानाही क्रम असतो: मीटर आधी चालू असलेल्या स्रोतावर तपासा, मग गाडीवर मोजा, मग पुन्हा चालू स्रोतावर. मधल्या वेळात मीटरच बंद पडला असेल तर त्याचा शून्य आकडा माणसाला मारू शकतो. हा क्रम हातात बसवण्यासाठी खरी गाडी किंवा निदान खरा हाय-व्होल्टेज मॉड्यूल समोर हवा. फळ्यावरच्या आकृतीने तो बसत नाही.

आता विमान.

पहिली सूचना: प्रवेशपत्रकात "एव्हिएशन स्टडीज" लिहिलेलं असेल तर त्याखाली नेमकं काय आहे ते विचारा. त्या नावाखाली वैमानिक प्रशिक्षण येतं, विमानतळ व्यवस्थापन येतं, उड्डाण नियोजन येतं आणि देखभालही येते. विमानाला पाना लावायचा असेल तर पदवीच्या नावापेक्षा परवाना महत्त्वाचा. त्या अभ्यासक्रमाला तुमच्या देशाच्या नागरी विमान नियामकाची देखभाल प्रशिक्षणाची मान्यता आहे का, आणि तो संपल्यावर कोणत्या परवान्याच्या परीक्षेला बसता येतं, हे लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

परवान्यांची रचना समजून घ्यायला दोन मोठ्या पद्धती पुरेत. अमेरिकेत एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा आणि यंत्रणा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) अशी दोन रेटिंग असतात. मान्यताप्राप्त शाळेतून, किंवा एका रेटिंगसाठी १८ महिने आणि दोन्हींसाठी ३० महिन्यांचा अनुभव घेऊन परीक्षेला बसता येतं. लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक अशा तिन्ही परीक्षा द्याव्या लागतात. युरोपच्या पार्ट-६६ पद्धतीत वर्ग आहेत: ए म्हणजे ठरावीक छोटी कामं, बी१ म्हणजे यांत्रिक, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, अर्थात विमानातली वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स. बी१ मध्ये पुन्हा टर्बाइन विमान, पिस्टन विमान, टर्बाइन हेलिकॉप्टर, पिस्टन हेलिकॉप्टर असे उपवर्ग. मॉड्यूलवार परीक्षा, प्रत्येकात ७५ टक्के हवेत. जगातल्या बऱ्याच देशांचे नियम या युरोपीय साच्यावर बेतलेले आहेत. टर्बाइन विमानाच्या बी१ साठी मान्यताप्राप्त मूलभूत अभ्यासक्रम २४०० तासांचा असतो आणि त्यानंतरही चालत्या विमानांवर २ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. मग विशिष्ट प्रकारच्या मोठ्या विमानावर सही करायची असेल तर त्या प्रकाराचं वेगळं टाइप रेटिंग. थोडक्यात, कॉलेज संपलं की लगेच विमानावर सही करायला मिळेल असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे.

इतके दिवस कशासाठी लागतात, हे सांगण्यासाठी मी वर्गात १० जून १९९० ची घटना सविस्तर शिकवतो. ब्रिटिश एअरवेजचं उड्डाण ५३९०, बीएसी वन-इलेव्हन विमान, बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं. सुमारे १७,३०० फुटांवर कॅप्टनच्या पुढची काच निघून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी बदलली होती. ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंच बारीक होते, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तृतीयांशाइतके. उरलेले ६ लांबीने आखूड.

बारीक बोल्ट आट्यांत बसले कसे? नटच्या आट्यांत ते जेमतेम धरत होते आणि टॉर्क येण्याऐवजी निसटत होते, पण रात्रीच्या पाळीत, माणसं कमी असताना, अडचणीच्या जागी उभं राहून काम करणाऱ्या माणसाला ते निसटणं स्क्रूड्रायव्हरच्या, ठरलेल्या टॉर्कला टक् करून सुटणाऱ्या, क्लचच्या आवाजासारखंच वाटलं. नवे बोल्ट त्याने पार्ट्स कॅटलॉगमध्ये पाहून घेतले नव्हते. जुना बोल्ट हातात धरून नजरेने जुळवले. आणि तो जुना बोल्टसुद्धा मुळात चुकीचाच, आखूड होता. शिवाय ही काच बाहेरून बसवायची असल्यामुळे केबिनचा दाब तिला आत दाबून धरत नव्हता, बाहेर ढकलत होता. काच बदलणं हे दुसऱ्या माणसाने तपासलंच पाहिजे अशा कामांच्या यादीतही नव्हतं.

मला या घटनेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तो माणूस आळशी किंवा अडाणी नव्हता. अनुभवी होता, काम पुरं करून द्यायची धडपड होती. गॅरेजमध्ये ज्याला आपण कौतुकाने "नजर बसलेला माणूस" म्हणतो, तसा. विमानात त्या नजरेवर भरवसा ठेवायचा नाही, भाग क्रमांक वाचायचा. अनुभव कितीही असला तरी प्रत्येक वेळी वाचायचा.

२४ ऑगस्ट २००१ ची एअर ट्रान्सॅटची घटनाही अशीच शिकण्यासारखी. एअरबस ए३३० विमानाला काही दिवसांपूर्वी उजवं इंजिन बदलून लावलं होतं. ते आधीच्या रचनेचं होतं, हायड्रॉलिक पंप मात्र नंतरच्या रचनेचा बसवला गेला. त्यामुळे हायड्रॉलिकची नळी आणि इंधनाची नळी एकमेकींना घासू लागल्या. अटलांटिकवर इंधनाची नळी फुटली, दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि ३०६ माणसांसह विमान तरंगत अझोर्समधल्या लाजेस तळावर उतरवावं लागलं. सगळे जिवंत राहिले. "बसतंय ना, मग झालं" हे वाक्य हँगरमध्ये उच्चारू नये ते यासाठी. भाग बसतो म्हणजे तो त्या रचनेसाठी मान्य आहे असं होत नाही. सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे रचनेतल्या बदलांबद्दल निर्मात्याने काढलेली पत्रकं, वाचणं हा विमान देखभालीतला कंटाळवाणा भाग वाटतो खरा, पण नोकरीचा गाभा तोच आहे.

आता हाताच्या कामातली एक गोष्ट जवळून पाहू: लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार. डोक्याला छिद्र असलेले दोन बोल्ट टॉर्क देऊन आवळले आहेत. स्टेनलेस स्टीलची बारीक तार, समजा ०.०३२ इंचाची, पहिल्या बोल्टच्या छिद्रातून ओवायची, दोन्ही टोकं एकत्र पिळत दुसऱ्या बोल्टपर्यंत न्यायची. पीळ एका इंचात साधारण ६ ते ८. कमी पिळली तर सैल राहते, जास्त पिळली तर धातू ठिसूळ होऊन तुटते. तारेची दिशा अशी हवी, की एखादा बोल्ट सैल व्हायला लागला तर तार त्याला आवळण्याच्या दिशेने ओढेल. छिद्र तारेशी जुळावं म्हणून बोल्ट ठरलेल्या टॉर्कच्या पुढे आवळायचा नाही, मागेही सोडायचा नाही. टॉर्कच्या मर्यादेत जुळत नसेल तर वॉशर किंवा बोल्ट बदलायचा. शेवटचं टोक आत वळवायचं, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटतो. पक्कडीचा ओरखडा तारेवर उठला तर ती तार टाकून नवी घ्यायची. वापरलेली तार पुन्हा कधीच वापरायची नाही. पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही. ज्या मुलाला पाचव्यांदा कापून पुन्हा करायला सांगितल्यावर राग न येता कुतूहल वाटतं, तो विमानात टिकतो.

हत्यारांचा हिशोब हीदेखील अशीच सवय. शॅडो बोर्डवर प्रत्येक हत्याराची आकृती असते; पाळी संपताना एक जागा रिकामी दिसली तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडलं जात नाही. मोटार विभागात हा बोर्ड आणि ही शिस्त दिसली तर मला तो विभाग आवडतो.

मानवी चुकांचा अभ्यास विमान देखभालीत वेगळा विषय म्हणून शिकवतात, आणि तो इतर सगळ्या यांत्रिक व्यवसायांनी उचलायला हवा. १९९३ मध्ये कॅनडाच्या वाहतूक विभागात काम करणाऱ्या गॉर्डन ड्युपाँट यांनी चुकांना कारण ठरणाऱ्या बारा गोष्टींची यादी केली: संवादाचा अभाव, आत्मसंतुष्टता, थकवा, दडपण, ठाम न बोलणं, "इथे असंच चालतं" अशा रूढी, वगैरे. विद्यार्थ्यांना ही यादी परीक्षेपुरती पाठ असते. ती कामावर कशी दिसते हे शिक्षकाने दाखवावं लागतं. अर्धवट काम सोडून पाळी बदलली आणि पुढच्याला तोंडी सांगितलं, तर काय राहून जातं हे मी वर्गात दोन गट पाडून करून दाखवतो. लेखी नोंद न देता काम सोपवलेल्या गटाचा हमखास एखादा बोल्ट फक्त हाताने फिरवलेला राहतो.

मोटारकडून विमानाकडे वळता येतं का? येतं, आणि ही परंपरा जुनी आहे. राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानात काम करणाऱ्या चार्ल्स टेलरने १९०३ च्या विमानाचं इंजिन सुमारे सहा आठवड्यांत बनवलं; चार सिलिंडर, अॅल्युमिनियमचा क्रँककेस, सुमारे १२ अश्वशक्ती. मोटारीवरून आलेल्या मुलाचा हात तयार असतो, वीज कळते, घाण-तेलाचा संकोच नसतो. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांवर तो पटकन रुळतो. पण मोटारीतला अनुभव विमानाचा अनुभव म्हणून तसाच मोजला जात नाही. युरोपीय नियमांत मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नसलेल्याला टर्बाइन विमानाच्या बी१ साठी ५ वर्षांचा अनुभव लागतो. नियामकाने ग्राह्य धरलेल्या एखाद्या तांत्रिक व्यवसायाचं कुशल कामगार म्हणून प्रशिक्षण झालेलं असेल तर ३ वर्षं. म्हणजे मोटारीचं शिक्षण अगदीच वाया जात नाही, पण चालत्या विमानांवरची वर्षं टळत नाहीत. त्यामुळे विमानाकडेच जायचं पक्कं असेल तर आधी मोटारीचा पूर्ण अभ्यासक्रम करायचा सल्ला मी देणार नाही. मन पक्कं नसेल तर मोटार घ्या. ते शिक्षण लवकर हाताशी येतं आणि तिथून बसगाड्या, जनरेटर, शेतीची यंत्रं, जहाजांची इंजिनं असे बरेच दरवाजे उघडे राहतात.

मोटारीतून येणाऱ्याला एक गोष्ट मात्र नव्याने अंगवळणी पाडावी लागते. मोटारीत जुगाड कधी कधी चालतो. गाडी रस्त्याच्या कडेला थांबवता येते. विमानात तो विचार डोक्यात आला तरी मॅन्युअल उघडायचं, आणि मॅन्युअलमध्ये मर्यादा ओलांडलेली दिसली तर विमान उभं करून ठेवायचं, वरून कितीही घाई असो. "हे विमान मी सोडणार नाही" असं पहाटे तीन वाजता, थकलेल्या अवस्थेत, वरिष्ठाला सांगता येईल का? या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर विमान तुमचं क्षेत्र आहे.

थेट गॅरेजची उमेदवारी वाईट नाही. चांगला मिस्त्री मिळाला तर हात फार लवकर तयार होतो, आणि त्याच्याकडून जे कान-नाक-बोटांचं ज्ञान मिळतं ते पुस्तकात नसतं. पण गॅरेज त्या दिवशी आलेली गाडी शिकवतं. क्लचच्या गाड्या आल्या तर क्लच, एसीच्या आल्या तर एसी. का, हे विचारायला कोणाला वेळ नसतो. विजेचा पाया तर गॅरेजमध्ये क्वचितच मिळतो. म्हणून मला दोन्ही एकत्र आवडतं: आठवड्याचे काही दिवस कॉलेज, काही दिवस काम. मोटार विभागात अशी सोय असेल तर ती घ्याच. विमानासाठी हा पर्याय सगळीकडे मिळत नाही. तिथे मान्यताप्राप्त प्रशिक्षण किंवा मान्यताप्राप्त देखभाल संस्थेतला नोंदवलेला अनुभव, दोनच वाटा आहेत, आणि अनुभवाच्या वाटेने जाणाऱ्याने पहिल्या दिवसापासून केलेल्या प्रत्येक कामाची नोंद पर्यवेक्षकाच्या सहीने ठेवावी. नंतर आठवून लिहिलेली नोंद कोणी मानत नाही.

शरीराचंही बघा. विमान देखभालीचा बराच भाग रात्री होतो, कारण विमानं दिवसा उडतात. वायरच्या रंगांमध्ये गल्लत होत असेल तर प्रवेशाआधी डोळे तपासून घ्या. कानाचं संरक्षण दोन्हीकडे लागतं आणि दोन्हीकडची तरुण मुलं ते टाळतात.

आता कॉलेज पाहायला जाल तेव्हा. स्वागतकक्षात बसून माहितीपत्रक वाचू नका, वर्कशॉप दाखवा म्हणा, आणि तास चालू असताना दाखवा म्हणा. इंजिनांकडे पाहण्याआधी मुलांच्या हातांकडे पाहा. एका इंजिनाभोवती किती जण उभे आहेत आणि किती जण प्रत्यक्ष काम करताहेत? वीस जण पाहताहेत आणि एक जण पाना फिरवतो आहे, अशा ठिकाणी तुम्ही पूर्ण वेळ पाहतच राहाल. टॉर्क रेंचवर कॅलिब्रेशनची तारीख लावलेली आहे का, ती उलटून गेली आहे का? विमान विभागात मॅन्युअल कपाटात कुलूपबंद आहे की टेबलावर उघडं? ज्या विमानावर शिकवतात त्याची पॅनेलं उघडलेली आहेत का, की ते फोटोसाठी पुसून ठेवलं आहे? मोटार विभागात शिक्षक मुद्दाम बिघाड लावून देतात का? लावत असतील तर मुलांनी तो शोधताना केलेल्या नोंदी दाखवा म्हणा. चांगल्या विभागात त्या नोंदींत खाडाखोड दिसते, चुकीचे अंदाज दिसतात, मोजलेले आकडे दिसतात.

मग तिथल्या शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारा. मोटारीच्या मुलाला विचारा, गाडी स्टार्ट होत नाही, बॅटरी १२.६ दाखवते, तू पुढे काय मोजशील? विमानाच्या मुलाला विचारा, काढलेला बोल्ट हातात आहे, नवा कुठून ठरवशील? पहिल्याने मीटर कुठे लावायचा ते दाखवलं आणि दुसऱ्याने पार्ट्स कॅटलॉगचं नाव घेतलं, तर शुल्काची चौकशी करायला हरकत नाही.